चहा न पिणारे शेजारी

अमेरिकेतल्या युटा राज्यात, बाउंटिफुलला राहायला आलो त्याच आठवड्यात डावीकडच्या घरातल्या आजी भेटायला आल्या. हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला झुकिनी ब्रेड, अजून कोमट. मी नाशिकची. दारात आलेल्या माणसाला चहा न विचारता परत पाठवणं माझ्याच्याने होत नाही. आधण ठेवलं, आलं किसलं, कप पुढे केला. आजींनी तो दोन्ही हातांत धरला, वास घेतला आणि तसाच खाली ठेवला. "वास फार छान आहे, पण आम्ही चहा पीत नाही." कॉफी विचारली, तीही नको. शेवटी पाणी दिलं. त्या गेल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "आपल्या हातचं चालत नसेल त्यांना."

हे २०१४ मधलं. मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत जन्मलेला येशूला मानणारा एक पंथ. या लोकांना चहा-कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. १८३३ मधल्या एका उपदेशातून आलेला नियम आहे तो. गंमत म्हणजे चहाचं पान आणि कॉफी नको, पण कोला चालतो. बादलीएवढ्या पेल्यात कोला, त्यात नारळाचं सिरप आणि लिंबू घालून विकणाऱ्या दुकानांपुढे इथे मोटारींच्या रांगा लागलेल्या असतात. पुढे मी युक्ती काढली. गवती चहा, आलं, थोडा गूळ, चहापत्ती मात्र नाही. आजी दोन कप पितात. त्यांना वाटतं मी त्यांच्यासाठी काही खास करते. खरं तर आमच्याकडे हे सर्दीला देतात.

परवा पुण्याच्या मावसबहिणीने फोनवर विचारलं, "तुझे ते मॉर्मन म्हणजे चार-चार बायका करणारे ना?" तिला सांगितलं की ते १८९० मध्ये अधिकृतपणे बंद झालं, आणि आज कुणी केलंच तर चर्चमधून काढून टाकतात. ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, "चहा नाही, दारू नाही, पगाराचा दहावा हिस्सा चर्चला. मग एवढं आवडतं तरी काय त्यांना त्यात?"

प्रश्न चोख होता. मी स्वतः तो इथे कितीतरी जणांना विचारलाय, कधी कुंपणावरून, कधी प्रयोगशाळेत डबा खाताना. मी त्यांच्यातली नाही, होणारही नाही. घरात गणपती बसतो आणि ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण चाळीतल्या माणसाला शेजारच्या बिऱ्हाडाचं जेवढं कळतं, तेवढं मला यांचं कळलंय.

(त्यांना आता 'मॉर्मन' म्हटलेलं नको असतं. २०१८ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी सांगितलं की चर्चचं पूर्ण नाव घ्या. ते पूर्ण नाव मराठीत आणायचं तर 'अंतिम दिवसांतील संतांचं येशू ख्रिस्ताचं चर्च' असं काहीतरी होईल. आजी जन्मभर मॉर्मन म्हणत आल्या, त्यांची जीभ अजून घसरते आणि मग त्या तोंडावर हात ठेवतात. त्यांच्या भरवशावर मीही जुनाच शब्द वापरते.)

८ सप्टेंबर २०२० ची गोष्ट आधी सांगते, कारण मला जे कळलं ते त्या दिवशी कळायला लागलं. नवरा सासूबाईंच्या आजारपणासाठी भारतात गेला होता आणि कोविडमुळे तिकडेच अडकला होता. मी आणि आठवीतला मुलगा दोघंच घरी. पहाटेपासून डोंगरावरून असा वारा सुटला की खिडक्या आत येतील की काय वाटत होतं. आमच्या भागात काही ठिकाणी ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे झोत गेले. हजारो झाडं मुळासकट आडवी झाली. आमच्या पुढच्या अंगणातला स्प्रूस गाडीच्या वाटेवर पडला, जाताना विजेची तार घेऊन गेला.

वीज कंपनीने तार बाजूला केल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा-सात जण आले. तोंडाला मास्क, हातात करवती, मागे एक ट्रेलर. त्यांच्यातला एक आमच्या दातांचा डॉक्टर होता, हे मी मास्कवरच्या भुवयांवरून ओळखलं. दीड तासात झाडाचे ओंडके झाले, फांद्या ट्रेलरमध्ये गेल्या, कुणीतरी खराट्याने वाटही झाडली. मी पैसे विचारले तर हसले. मी भरून येऊन म्हणाले, "तुम्ही माझी आठवण ठेवलीत." तर दातांचा डॉक्टर हातातली पाटी दाखवून म्हणाला, "आठवण कसली, तुमची गल्ली आमच्या यादीत आहे."

खरं सांगते, मला जरा वाईट वाटलं. म्हणजे मायेने नाही आले, यादीने आले. नंतर किती तरी दिवस तो शब्द डोक्यात राहिला.

तर ही यादी म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. यांच्या चर्चचं स्थानिक एकक म्हणजे वॉर्ड. नकाशावर रेघा मारून वॉर्ड ठरतो. साधारण तीन-चारशे माणसं. तुम्ही ज्या गल्लीत राहता त्या वॉर्डात तुम्ही जायचं. प्रवचन आवडलं नाही म्हणून पलीकडच्या वॉर्डात गेलो, असं करायचं नाही. अमेरिकेत बाकीची माणसं चर्च निवडतात, आपण डोसा खायला हॉटेल निवडतो तशी. इथे निवड नाही. त्यामुळे हृदयाचे डॉक्टर, नळदुरुस्ती करणारा, घटस्फोट झालेली शाळेची बसवाली आणि तिचा चिडका मुलगा, सगळे एकाच बाकावर. एकमेकांना हाक मारायची ती 'ब्रदर' आणि 'सिस्टर', पुढे आडनाव. मला पहिल्यांदा ऐकल्यावर वारीतलं 'माउली' आठवलं. वारीत जसं कलेक्टरही माउली आणि भाजीवालीही माउली.

आणि पगारी पुजारी नाही. वॉर्डाचा प्रमुख म्हणजे बिशप, पण हा बिशप दिवसा दात काढतो. पाचेक वर्षं एक पैसा न घेता हे काम करतो. रात्री साडेदहाला कुणाच्या नवरा-बायकोच्या भांडणात बसतो, कुणाचं घरभाडं थकलंय ते बघतो. मग एका रविवारी त्याला मोकळं करतात आणि दुसरा कुणी बिशप होतो. आमच्या दातांच्या डॉक्टरला बिशपपदानंतर काय काम मिळालं? पाळणाघर. दर रविवारी दीड-दोन वर्षांच्या पोरांना बिस्किटं वाटणं आणि साबणाचे फुगे उडवणं. मी विचारलं, "वाईट नाही वाटलं?" तर म्हणाला, "इथे कुणी रडलं की कारण लगेच कळतं."

या कामाला ते 'कॉलिंग' म्हणतात. प्रत्येकाला एक असतं. आपण मागायचं नाही, बोलावून देतात. पियानो वाजवायचा, दहा वर्षांच्या मुलांना शिकवायचं, सभागृहाचं कुलूप उघडायचं. प्रत्येक बाईकडे दोन बायका नेमून दिलेल्या असतात, त्यांनी तिची खबर घेत राहायची. आणि तिच्याकडेही दुसऱ्या दोघी-तिघींची खबर असते. मी ज्या ज्या माणसांना विचारलं ना, तुला यात काय आवडतं, त्यांतल्या बहुतेकांनी सुरुवात देवापासून केली, पण दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ती याच्यावर आली. आमच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईने सांगितलं की नवरा सोडून गेला तेव्हा तिला अंथरुणातून उठवत नव्हतं. लोक जेवण आणून देत, ते तिला गोड लागेना. मग बिशपने बोलावून सांगितलं की तीन वर्षांच्या मुलांचा वर्ग तू घे. "मला वाटलं हा माणूस वेडा आहे. पण रविवारी सकाळी अकरा पोरं माझी वाट बघत होती. उठावंच लागलं."

मला हे नीट समजतं. आईच्या तेराव्यानंतर आमच्या आत्याने माझ्या हातात विळी आणि दोन किलो भोपळा दिला होता.

एकदा त्यांच्या रविवारच्या सभेलाही गेले. समोरच्या घरातला मुलगा दोन वर्षांसाठी फिलिपाइन्सला धर्मप्रचाराला निघाला होता आणि त्याच्या आईने आग्रहाने बोलावलं. मला वाटलं होतं मेणबत्त्या, धूप, उंच छत. तर शाळेच्या हॉलसारखा हॉल, मागे सरकत्या भिंतीपलीकडे चक्क बास्केटबॉलचं मैदान. प्रसाद म्हणून पावाचा तुकडा आणि चिमुकल्या कपात पाणी. द्राक्षरस नाही, पाणीच. वाटणारी मुलं बारा-तेरा वर्षांची, टाय वाकडे, पण ट्रे धरताना चेहरा असा की जणू पालखी खांद्यावर आहे. प्रवचनही वॉर्डातलीच माणसं करतात, आळीपाळीने. त्या दिवशी एक आजोबा सफरचंदाच्या कलमांवर बोलले आणि येशूपर्यंत पोचायला त्यांना वेळ पुरला नाही. पोरांचा गोंधळ तर विचारू नका. बाकांखाली चुरमुऱ्यांसारखी सीरिअलची कडी सांडलेली. कुणी कुणाकडे डोळे वटारून बघत नव्हतं, हे मला फार आवडलं. पूर्वी हे सगळं तीन तास चालायचं. २०१९ पासून दोन तासांवर आणलंय, आणि त्या निर्णयाबद्दल बोलताना भाविकांच्या डोळ्यांत जी कृतज्ञता दिसते ती मी अन्य कुठल्याही विषयावर पाहिलेली नाही.

फिलिपाइन्सला निघालेल्या त्या मुलाच्या वडिलांनी स्वतः ऐंशीच्या दशकात तैवानमध्ये दोन वर्षं काढली होती. नळदुरुस्तीचं काम करणारा धिप्पाड गोरा माणूस, आणि चिनी हॉटेलात मालकिणीशी घडाघडा मँडरिन बोलतो. त्यांना विचारलं, तुम्हाला काय मिळालं? म्हणाले, "दोन वर्षांत शेकडो दारं तोंडावर बंद झाली. एकोणिसाव्या वर्षी ते झालं म्हणून बरं. आता गिऱ्हाईक ओरडलं तर मी त्याला पाणी विचारतो." त्यांच्या काळी घरी फोन फक्त नाताळला आणि मातृदिनाला. २०१९ पासून आठवड्याला एकदा बोलता येतं. मुलाची आई दर सोमवारी सकाळी मला त्याची बातमी सांगते, जणू तो माझाही भाचा आहे. त्याला डेंग्यू झाला तेव्हा पपईच्या पानांचा रस देतात का, हे तिने मलाच विचारलं होतं.

चर्चच्या मदतीबद्दल मी कोपऱ्यावरच्या घरातल्या गृहस्थांकडून ऐकलं. २००९ मध्ये त्यांची नोकरी गेली, चार मुलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी हे लोक दोन वेळा जेवत नाहीत आणि त्या जेवणांचे पैसे गरजूंसाठी देतात. बिशपने त्यांना एक कागद भरून दिला: पीठ, बटाटे, दूध, मांस, साबण. तो घेऊन चर्चच्या भांडारात जायचं. दिसायला वाण्याचं मोठं दुकान, फक्त बाहेर पडताना गल्ला नाही. सॉल्ट लेक सिटीत वेल्फेअर स्क्वेअरला त्यांचं जुनं भांडार आहे, शेजारी धान्याची उंचच उंच कोठारं. १९३६ च्या मंदीत ही योजना सुरू झाली. "मला रडू आवरत नव्हतं," ते म्हणाले, "पण बिशपने त्याच वेळी सांगितलं की मंगळवारी आणि गुरुवारी तू तिथे फळ्यांवर डबे लावायला जायचंस. मग मी मागणारा राहिलो नाही, कामावर असलेला झालो."

बघा, परत काम.

आजींच्या घरी दिवाणखान्यात त्यांच्या लग्नाचा फोटो आहे, १९६२ चा. मागे सॉल्ट लेकचं देऊळ, जे बांधायला चाळीस वर्षं लागली, १८५३ ते १८९३. त्यांचं लग्न तिथे आत झालं. अशा लग्नात 'मरेपर्यंत' असं म्हणत नाहीत. या काळासाठी आणि अनंतकाळासाठी अशी गाठ बांधतात. आजोबा गेले तेव्हा मी स्मशानातून थेट त्यांच्या घरी गेले होते. स्वयंपाकघर रिलीफ सोसायटीच्या बायकांनी ताब्यात घेतलेलं. ही त्यांची १८४२ पासूनची महिला संघटना. टेबलावर बटाट्याचा किस, चीज, आंबट साय, वरून कॉर्नफ्लेक्स, असं भाजलेलं एक प्रकरण. त्याचं नावच मयताचे बटाटे. आपल्याकडे असं नाव ठेवलं तर कुणी हात लावणार नाही. इथे दुसऱ्यांदा वाढून घेतात.

दोन दिवसांनी आजी एकट्या बसल्या होत्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी वटपौर्णिमेचं सांगितलं. आम्ही वडाला दोरा गुंडाळतो, सात जन्म हाच नवरा मिळो म्हणून. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. मग भुवया वर करून म्हणाल्या,

"सातच?"

मी काय बोलणार! आम्ही दोघी हसलो, मग त्या रडल्या, मग मी गवती चहा ठेवला. मुलाबाळांसकट सगळं घर पुढे परत भेटणार आहे, ही खात्री त्यांच्या बोलण्यात असते. पुढच्या आठवड्यात मुलीकडे जायचंय, इतक्या सहज. त्या खात्रीवर माझा विश्वास नाही. पण हेवा वाटलाय, एकदा नव्हे.

याच खात्रीतून त्यांचं वंशावळीचं वेड आलंय. मेलेल्या पूर्वजांनाही घरात घ्यायचं तर आधी त्यांची नावं सापडायला हवीत. आजी दर बुधवारी सॉल्ट लेकच्या मोठ्या वंशावळ ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणून जायच्या. एकदा मलाही नेलं. जगभरच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची मायक्रोफिल्म त्यांनी डोंगराच्या ग्रॅनाइटमध्ये पोखरलेल्या तिजोरीत ठेवली आहे. मी सहज विचारलं, भारताचं काय असणार तुमच्याकडे? त्यांनी संगणकावर उघडून दाखवलं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या! हिंदू यात्रेकरूंच्या शेकडो वर्षांच्या नोंदी, पान न् पान टिपलेलं. मी हबकले. मग त्यांना त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांचं सांगितलं, की आमच्या गुरुजींच्या वहीत माझ्या पणजोबांची सही आहे, खाली आजोबांची, आणि बाबांचे दिवस करायला गेलो तेव्हा माझ्या भावाने त्याखाली लिहिलं. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी दोन मिनिटांत वही काढतात. आजींचे डोळे असे चमकले की मला वाटलं आता त्र्यंबकचं तिकीट काढतात.

मेलेल्या माणसांच्या नावाने हे लोक बाप्तिस्मा करतात, हे मात्र मला पटत नाही, आणि ते मी आजींना सांगितलंय. छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं त्यांनी अशी घेतली म्हणून मोठा वाद झाला होता. १९९५ मध्ये ते थांबवण्याचा करार करावा लागला. मी म्हटलं, "माझ्या पणजोबांना मात्र तिथेच राहू द्या, वहीत." त्या म्हणाल्या, "ज्याने त्याने आपल्याच घरची नावं द्यायची असा नियम आहे. तुझे पणजोबा सुरक्षित आहेत."

सगळं गोड आहे असं नाही. आजींची धाकटी मुलगी विसाव्या वर्षी चर्च सोडून गेली. बायकांना पौरोहित्य नाही, बारा वर्षांच्या भावाला आहे आणि आईला नाही, हे तिच्या डोक्यात बसेना. तिच्या भाचीचं लग्न देवळात झालं तेव्हा ती बाहेर हिरवळीवर थांबली होती. आत फक्त पात्र सदस्यांनाच जाता येतं. थँक्सगिव्हिंगला येते तेव्हा ती आमच्याकडे पळून येऊन कॉफी पिते. मी तिलाही विचारलं, कशाची आठवण येते? बराच वेळ कप फिरवत बसली. "पोर्टलंडमध्ये मला कोविड झाला, अकरा दिवस. कुणाच्या यादीतच नव्हते मी." आणि लगेच म्हणाली, "पण त्या यादीत असण्याची किंमत आहे. तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं." हे मला सांगायला नको, मी पंचवटीतल्या वाड्यात वाढलेय. आमच्याही बाबतीत, धर्मात यायचं नाही असं स्पष्ट सांगितल्यावर एका घराचं येणंजाणं हळूच थांबलं. बाकीच्यांचं थांबलं नाही.

२४ जुलैला इथे सुट्टी असते. १८४७ मध्ये त्या दिवशी मॉर्मनांचा तेव्हाचा पुढारी ब्रिगहॅम यंग या खोऱ्यात पोचला, म्हणून. वॉर्डाच्या हिरवळीवर सकाळी सगळ्या गल्लीला पॅनकेक. मागच्या वेळी आजींनी मला त्यांच्या पणजीचं सांगितलं. १८५६ मध्ये आठ वर्षांची पोर, आईबापांबरोबर हातगाडी ढकलत आयोवापासून इकडे यायला निघाली. उशिरा निघालेल्या दोन तांड्यांना वायोमिंगमध्ये बर्फाने गाठलं. हजारेक माणसांपैकी दोनशेच्या वर गेली. सॉल्ट लेकला बातमी आली तेव्हा रविवारची सभा भरणार होती. ब्रिगहॅम यंगने प्रवचन बाजूला ठेवलं आणि मागणी मांडली: खेचरांच्या ६० जोड्या, १२ टन पीठ, ४० चांगले गाडीवान. दोन दिवसांत पहिल्या गाड्या निघाल्या.

"म्हणजे तेव्हाही यादीच," मी म्हणाले.

"यादी नसती तर मी नसते," आजी म्हणाल्या, आणि पॅनकेकवर आणखी पाक ओतला.

गेल्या सोमवारी आजींच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली. संध्याकाळी रिलीफ सोसायटीच्या अध्यक्षबाईंचा गल्लीभर संदेश आला: दोन आठवडे रोज रात्रीचं जेवण, कुणी कधी द्यायचं त्याचा तक्ता. मी नाव घालायला उघडला तर गुरुवारपुढे माझं नाव आधीच लिहिलेलं होतं. कुणी विचारलं नव्हतं.

मुगाची डाळ भिजत घातली आहे. आजींना तिखट चालत नाही, मिरी घालीन. वर तूप, आणि थर्मासमध्ये गवती चहा.